उष्णतेचा हिशेब ठेवणारा मोजणीदार : म्हैसूर ते हिंगणघाट, विल्यम लॅम्बटन यांचा प्रवास

म्हैसूर : म्हैसूर शहरातून बंगळुरूच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कावेरीच्या पात्रातील श्रीरंगपट्टण हे बेट लागते. ४ मे १७९९ रोजी या बेटावरील किल्ल्याच्या तटबंदीला खिंडार पडले, टिपू सुलतान लढताना मारले गेले आणि दक्षिण हिंदुस्थानचे राजकारण कायमचे बदलले. त्या दिवशी किल्ल्यावर चालून गेलेल्या इंग्रजी फौजेत पंचेचाळिशीच्या आसपासचा एक अबोल अधिकारी होता. लूट, बढती किंवा पदक यांपैकी कशाचीही त्याला फारशी ओढ नव्हती. युद्ध संपल्यावर त्याने वरिष्ठांकडे एकच मागणी केली : जिंकलेला हा मुलूख आपल्याला मोजू द्यावा. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. पुढील तेवीस वर्षे त्यांनी मोजणीखेरीज दुसरे काहीही केले नाही. त्यांचा अंत झाला तो आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, आणि त्यांची समाधीही तेथेच आहे.

भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे संस्थापक म्हणून लॅम्बटन यांचे नाव घेतले जाते. हिमालयातील सर्वोच्च शिखराला ज्यांचे नाव मिळाले ते जॉर्ज एव्हरेस्ट हे लॅम्बटन यांचे साहाय्यक व उत्तराधिकारी. शिष्याचे नाव जगभर झाले. गुरूचे नाव मात्र भूगोलाच्या अभ्यासकांपुरते उरले. लॅम्बटन यांच्या आयुष्याकडे पाहण्याचे अनेक मार्ग आहेत. साम्राज्याचा सेवक म्हणून, गणितज्ञ म्हणून किंवा जिद्दी प्रवासी म्हणून त्यांच्याविषयी लिहिता येते आणि लिहिले गेलेही आहे. येथे त्यांच्या एका न संपणाऱ्या झगड्याकडे लक्ष वेधायचे आहे. तो झगडा उष्णतेशी होता. ऊन पोलादाला लांबवते आणि हवेला फुगवते. इंचाइंचाची अचूकता मागणाऱ्या माणसाला दख्खनच्या उन्हात या दोन्ही गोष्टींशी रोज सामना करावा लागत होता.

लॅम्बटन यांच्या जन्मवर्षाबद्दल मतभेद आहेत. ते १७५३ ते १७५६ या दरम्यान कधीतरी जन्मले असावेत. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थॲलर्टन गावाजवळील सामान्य कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गावच्या शाळेत त्यांची गणितातील गती लक्षात आली. पुढे सैन्यात कनिष्ठ अधिकारी म्हणून ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गेले. युद्ध संपल्यानंतर ब्रिटिश कॅनडा व नवजात अमेरिकी संघराज्य यांच्यातील सीमा आखण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली आणि त्यानंतर न्यू ब्रन्सविक या वसाहतीत छावणीच्या इमारतींची देखरेख करण्याचे किरकोळ काम त्यांच्याकडे आले. तेथे त्यांची तेरा वर्षे गेली. बढती नाही, लढाई नाही, बातमी नाही. या एकांतात त्यांनी गणित व भूमापनशास्त्राचे ग्रंथ वाचून काढले. याच काळात पुरेशी काळजी न घेता सूर्यग्रहण पाहिल्याने त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली, असे सांगितले जाते. पुढे ज्याने अर्धे आयुष्य दुर्बिणीला डोळा लावून काढले, त्याच्याजवळ धड असा एकच डोळा होता.

चाळिशी उलटल्यावर लॅम्बटन आपल्या ३३ व्या पायदळ पलटणीत परतले. ही पलटण तेव्हा हिंदुस्थानात होती आणि तिचे प्रमुख होते आर्थर वेलस्ली. १८०३ मध्ये मराठवाड्यातील असई येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांशी लढलेले आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखले गेलेले वेलस्ली ते हेच. वयाने बरेच लहान असलेल्या या सेनानीने लॅम्बटन यांच्यातील गुण ओळखला आणि पुढे त्यांची पाठराखण केली.

श्रीरंगपट्टणच्या वेढ्यातील एक प्रसंग लॅम्बटन यांच्या प्रत्येक चरित्रकाराने नोंदवला आहे. एप्रिल १७९९ च्या प्रारंभी एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी अंधारात वाट चुकली. आपल्या छावणीकडे जायचे सोडून ती टिपूच्या सैन्याच्या दिशेने निघाली होती. बेअर्ड यांच्यासोबत असलेल्या लॅम्बटन यांनी आकाशातील तारे पाहून ही चूक ओळखली व ती निदर्शनास आणली. आपल्याला वाट शोधायला तारे लागत नाहीत, असा बेअर्ड यांचा पवित्रा होता. अखेर होकायंत्र पाहिल्यावर तारेच खरे ठरले आणि तुकडी मागे फिरली. प्रसंग छोटा आहे, पण डोळ्यांना जे दिसते त्यापेक्षा मोजून जे कळते त्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा स्वभाव त्यातून दिसतो.

टिपूच्या पाडावानंतर ३० जून १७९९ रोजी म्हैसूर येथे बालराजा कृष्णराज वडियार तिसरे यांना गादीवर बसवण्यात आले. दिवाण म्हणून पूर्णय्या यांनी कारभार हाती घेतला. नव्या व्यवस्थेला मुलखाची माहिती हवी होती. कॉलिन मॅकेन्झी यांच्याकडे नकाशांचे काम आले, फ्रान्सिस ब्युकॅनन यांच्याकडे शेती व उद्योगांची पाहणी. लॅम्बटन यांची योजना या दोन्हींहून निराळी आणि कितीतरी मोठी होती. म्हैसूरपासून सुरुवात करून द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी उभारायची, मग तशीच साखळी उत्तर-दक्षिण पसरवायची आणि तिच्या आधारे पृथ्वीचा नेमका आकार किती वाटोळा व किती चपटा आहे ते ठरवायचे, असा त्यांचा विचार होता. मद्रासचे गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह यांनी वेलस्लींच्या शिफारशीवरून त्याला मान्यता दिली. सर्वांना हा खर्च पटला नव्हता. श्रीरंगपट्टणला जायचे तर पालखीच्या भोयांच्या मुकादमाला सांगितले की तो नेऊन पोहोचवतो, त्यासाठी आकाशातील तारे कशाला मोजायचे, असा सवाल मद्रासच्या एका कौन्सिलराने केल्याची आख्यायिका आहे. कारकुनी शहाणपणाचा हा नमुना आजच्या वाचकालाही अनोळखी वाटणार नाही.

त्रिकोणमितीय मोजणीचे तत्त्व साधे आहे. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या टोकांवरील दोन कोन ठाऊक असतील तर उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. त्यातील एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशा रीतीने टेकडीवरून टेकडीकडे, देवळाच्या शिखरावरून शिखराकडे केवळ कोन मोजत शेकडो मैल जाता येते. मात्र पहिली बाजू, जिला आधाररेषा म्हणतात, ती प्रत्यक्ष जमिनीवर मोजावी लागते. तिच्यात झालेली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात उतरत जाते. म्हणून सारा डोलारा त्या सात-साडेसात मैलांच्या रेषेवर उभा असतो.

त्यासाठी लॅम्बटन यांना साधन मिळाले तेही चमत्कारिक योगायोगाने. लंडनचे प्रख्यात यंत्रकार जेसी रॅम्सडेन यांनी तयार केलेली शंभर फुटी पोलादी साखळी ब्रिटिश वकिलातीबरोबर चीनच्या सम्राटासाठी नजराणा म्हणून गेली होती. चीनच्या दरबाराला तिचे अप्रूप वाटले नाही. ती कलकत्त्याला आली आणि तेथून विकत घेऊन लॅम्बटन यांच्या हाती पडली. अडीच फुटांची एक अशा चाळीस कड्यांची ही साखळी होती. १८०० च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बंगळुरूजवळ त्यांनी तिच्या साहाय्याने पहिली रेषा मोजून पाहिली.

आणि येथेच उन्हाने आपले अस्तित्व दाखवले. पोलाद तापले की लांबते, हे लोहारालाही ठाऊक असते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवूनच चढवतात. प्रश्न होता तो किती, हा. लॅम्बटन यांनी सकाळच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात तीच साखळी ताणून तिच्या लांबीतील फरक मोजला. शंभर फुटी साखळी एक अंश फॅरनहाइटला सुमारे सात सहस्रांश इंच वाढते, असा हिशेब निघाला. माणसाच्या केसाच्या जाडीच्या दोन-तीन पटींहून हे जास्त नाही. पण साडेसात मैलांची रेषा मोजायला ती साखळी चारशे वेळा मांडावी लागते, म्हणजे एका अंशाची चूक जवळजवळ तीन इंच होते. पहाटे आणि भर दुपारी म्हैसूरच्या पठारावर वीस अंशांचा फरक सहज पडतो. तो दुर्लक्षित केला तर रेषेच्या लांबीत चार-पाच फुटांचा घोळ होणार. ज्याला पृथ्वीचा चपटेपणा मोजायचा आहे त्याला हा घोळ परवडणारा नव्हता.

त्यामुळे १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस टेकडीच्या परिसरात जी आधाररेषा मोजायला सुरुवात झाली, तिचे स्वरूप एखाद्या प्रयोगशाळेसारखे होते. साखळी जमिनीवर टाकली जात नसे. तिपाईंवर वीस-वीस फुटांच्या पाच लाकडी पेट्या सरळ रेषेत व समतल मांडल्या जात. त्यांत साखळी ठेवून ठरावीक वजनाने ताणली जाई. पेट्यांमध्ये तापमापी असत. प्रत्येक वेळी तापमान टिपून घेतले जाई आणि मोजलेली लांबी गणिताने एका ठरावीक तापमानाच्या लांबीवर आणली जाई. दुसरी तशीच साखळी वापरात न आणता केवळ तुलनेसाठी जपून ठेवलेली होती. मद्रासच्या भर उन्हाळ्यात हे काम २२ मेपर्यंत, सहा आठवडे चालले. लांबी निघाली ४०,००६ फूट आणि वर काही इंच. भारताच्या आधुनिक नकाशाचा पाया असलेली ही रेषा पुढच्या अनेक दशकांच्या गणिताला पुरली.

पोलादाचा हिशेब असा लागला. हवेचा हिशेब लावणे मात्र कितीतरी कठीण होते.

योगायोग असा, की त्याच १८०२ साली पॅरिसमध्ये जोसेफ लुई गे-ल्युसॅक या तेवीस वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञाने वायूंच्या प्रसरणावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. दाब कायम असेल तर ऑक्सिजन असो, नायट्रोजन असो, हायड्रोजन असो की साधी हवा, सारे वायू तापवल्यावर सारख्याच प्रमाणात फुगतात, हे त्यांनी दाखवले. हायड्रोजनच्या फुग्यातून आकाशात गेलेले जाक शार्ल यांनी हे पंधरा वर्षांपूर्वीच ताडले होते, पण छापले नव्हते; गे-ल्युसॅक यांनी त्याचे श्रेय प्रामाणिकपणे त्यांना दिले. आजच्या अचूक मोजमापानुसार शून्य अंश सेल्सिअसला वायूचे जे आकारमान असते, त्याच्या २७३ व्या भागाइतकी वाढ प्रत्येक अंशाला होते. वीस अंशांची एक हजार लिटर हवा चाळीस अंशांपर्यंत तापवली तर ती सुमारे १,०६८ लिटर होते. एक हजार लिटर आकारमानाचा पोलादी ठोकळा तेवढाच तापवला तर तो एक लिटरही वाढत नाही. साध्या तापमानाला हवा पोलादाच्या जवळजवळ शंभर पट फुगते.

मोजणीदाराला हवेच्या फुगण्याशी काय कर्तव्य, असे वाटू शकते. पण तो वीस-तीस मैलांवरच्या टेकडीवरील निशाण पाहतो ते हवेतूनच. फुगलेली हवा विरळ होते, गार हवा दाट राहते. दाट व विरळ थरांतून जाताना प्रकाशाचा किरण सरळ राहत नाही; तो दाट हवेच्या बाजूला किंचित वाकतो. रात्री व पहाटे जमिनीलगतची हवा गार व दाट असते. किरण जमिनीकडे वाकतो आणि दूरची टेकडी आहे त्यापेक्षा वर उचललेली दिसते. एरवी क्षितिजाखाली लपणारे गावही अशा वेळी वर येते. दुपारी तापलेल्या माळावर नेमके उलटे घडते. जमिनीलगतची हवा फुगून विरळ होते, किरण वर वाकतो, लक्ष्य खाली गेल्यासारखे दिसते आणि थरथरू लागते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी साचल्याचा भास होतो, तो याच कारणाने. हवेचे तापमान दहा अंश सेल्सिअसने बदलले की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी बदलते. तीस मैलांवरच्या लक्ष्याच्या उंचीच्या कोनात एका मिनिटाची चूक झाली तर ती प्रत्यक्षात ४६ फुटांची होते. साखळीच्या पेटीत तापमापी ठेवता येतो. तीस मैल लांबीच्या हवेच्या प्रत्येक थरात तो कोण ठेवणार?

लॅम्बटन यांनी यावर दोन उपाय योजले. पहिला उपाय गणिताचा होता. दोन ठाण्यांपैकी पहिल्यावरून दुसऱ्याचा आणि दुसऱ्यावरून पहिल्याचा उंचीचा कोन घ्यायचा. हवेने किरण वाकवला असेल तर तो दोन्ही टोकांना साधारण सारखाच वाकतो आणि दोन्ही निरीक्षणांची सांगड घातल्यावर त्या वाकण्याचे प्रमाण हाती येते. दुसरा उपाय ऋतूचा होता. कोरड्या, धुळकट उन्हाळ्यात दूरचे दिसत नाही आणि दिसले तरी हलते. पावसाने हवा धुऊन निघाली, जमीन गार झाली की दृष्टी लांब पोहोचते. म्हणून लॅम्बटन यांच्या तुकड्या पावसाळ्यात व त्यानंतर लगेच मोजणीला निघत. हा उपाय शास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आणि माणसांच्या दृष्टीने जीवघेणा होता. पावसाळ्यातील जंगल म्हणजे हिवतापाचे माहेरघर. एव्हरेस्ट यांची तुकडी गोदावरी व कृष्णा यांच्या दरम्यानच्या जंगलात अशीच तापाने आडवी झाली होती. स्वतः एव्हरेस्ट यांना प्रकृती सुधारण्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जावे लागले. तापाने दगावलेल्या खलाशांची, निशाणे धरून दिवसेंदिवस डोंगरमाथ्यावर बसणाऱ्यांची, झाडे तोडून दृष्टीचा मार्ग मोकळा करणाऱ्यांची नावे छापील अहवालांत क्वचितच आढळतात. अंशांश-सहस्रांश टिपणाऱ्या त्या पानांवर ही जागा रिकामी राहिली.

म्हैसूरच्या हवेने आणखी एका माणसाचे कुतूहल जागे केले. लॅम्बटन यांचे तरुण साहाय्यक हेन्री केटर यांना हवेतील ओलावा मोजायचा होता. म्हैसूर भागात विपुल उगवणाऱ्या एका गवताच्या कुसळांना ओलावा लागताच पीळ सुटतो व कोरड्या हवेत तो पुन्हा बसतो, हे त्यांनी हेरले आणि त्या कुसळालाच काटा जोडून आर्द्रतामापक तयार केला. आपल्याकडे माळावर चालताना धोतरात-साडीत रुतून बसणारे कुसळी गवत ते हेच. पुढे इंग्लंडमध्ये गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या लंबकामुळे केटर यांचे नाव भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

कोन मोजण्यासाठीचे मोठे थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरी यांनी बनवले होते. तीन फूट व्यासाचे तबक असलेल्या या यंत्राचे वजन अर्धा टन होते. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि यंत्र मॉरिशसला गेले. तेथील फ्रेंच गव्हर्नरांनी त्याचे शास्त्रीय मोल ओळखून ते सौजन्याने मद्रासला पाठवून दिले. इंग्लंड व फ्रान्स यांचे हाडवैर लक्षात घेता ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे.

सेंट थॉमस टेकडीवरून सुरू झालेली त्रिकोणांची माळ म्हैसूरच्या पठारावर चढली. सावनदुर्गासारख्या खडकाळ शिखरांवर यंत्र चढवले गेले. १८०४ मध्ये बंगळुरूजवळ पडताळणीसाठी पुन्हा एक आधाररेषा प्रत्यक्ष मोजण्यात आली. हे काम लॅम्बटन यांचे साहाय्यक जॉन वॉरन यांनी केले. मद्रासहून त्रिकोणांमागून त्रिकोण सोडवत आलेल्या गणिताने या रेषेची जी लांबी सांगितली होती आणि साखळीने जी दाखवली, त्या दोहोंत फरक पडला ३.७ इंचांचा. साडेसात मैलांत ३.७ इंच, म्हणजे सव्वा लाखात एक. साखळीच्या तापमानात सव्वा अंश फॅरनहाइटची गफलत झाली असती तरी एवढा फरक तिनेच पडला असता. हे लक्षात घेतले की तापमापी टिपण्याची ती कंटाळवाणी शिस्त किती मोलाची होती ते कळते.

माळ पुढे मंगळूरला, पश्चिम समुद्राला भिडली. पूर्वीच्या नकाशांत या भागात द्वीपकल्पाची रुंदी सुमारे ४०० मैल धरलेली होती. ती प्रत्यक्षात ३६० मैलांच्या आसपास निघाली. कंपनी सरकारचा चाळीस मैल रुंदीचा मुलूख कागदावरून नाहीसा झाला. एका समुद्राच्या पातळीपासून टेकड्यांच्या उंची मोजत दुसऱ्या समुद्रापर्यंत आल्यावर दोन्ही पातळ्यांचा मेळ फार थोड्या फरकाने बसला. हवेच्या वाकवण्याचा हिशेब चुकला असता तर हे शक्य नव्हते.

यानंतर लॅम्बटन दक्षिणेकडे वळले. सपाट, झाडीने भरलेल्या तंजावरच्या मुलखात टेकड्या नव्हत्या, म्हणून मंदिरांच्या गोपुरांचा आधार घ्यावा लागला. मराठी वाचकांना भोसले राजघराण्यामुळे ज्ञात असलेल्या या तंजावरात १८०८ मध्ये मोठा अपघात झाला. बृहदीश्वर मंदिराच्या उंच शिखरावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे तबक वाकले. अर्ध्या टनाचे ते यंत्र जणू निकामी झाले. सरकारला जबाबदार न धरता लॅम्बटन यांनी स्वखर्चाने इंग्लंडहून नवे यंत्र मागवले. पण त्याची वाट पाहत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तंबूत स्वतःला कोंडून घेऊन त्यांनी यंत्र सुटे केले आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या वापरून तबक किंचित किंचित ओढत मूळ आकारात आणले. सहा आठवड्यांनी यंत्र पुन्हा कामाला लागले. ते पुढेही अनेक वर्षे वापरात होते.

साठी उलटली तरी त्यांची भटकंती थांबली नाही. एव्हरेस्ट १८१८ च्या अखेरीस हैदराबादला रुजू झाले, तेव्हा त्यांना एक थकलेला, मितभाषी वृद्ध दिसला. मात्र थिओडोलाइट जुळवायला उठताच तोच माणूस वयाची कात टाकल्यासारखा ताठ होई, अशी आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडून मिळालेला मान हे सारे फार उशिरा आले. फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्यांच्या कामाचे मोल इंग्लंडच्या आधी ओळखले, असे म्हणायला जागा आहे.

१८१८ च्या प्रारंभी हे सर्वेक्षण मद्रास इलाख्याकडून थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेले आणि त्याला महात्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. हे वर्ष मराठी माणसाच्या स्मरणात दुसऱ्याच कारणाने आहे. पेशवाई बुडाली, नागपूरकर भोसल्यांचे बळ सरले आणि नर्मदेपर्यंतचा मुलूख इंग्रजांच्या यंत्रांना मोकळा झाला. मोजणीची साखळी फौजेच्या मागोमाग चालते, हे म्हैसुरात जसे खरे होते तसेच विदर्भातही ठरले. लॅम्बटन यांच्या शास्त्रनिष्ठेबद्दल आदर बाळगूनही ही बाब नजरेआड करता येत नाही. त्यांचे नकाशे ज्यांच्यासाठी तयार होत होते, ते शास्त्रासाठी पैसे मोजत नव्हते.

कन्याकुमारीजवळून निघालेली उत्तर-दक्षिण त्रिकोणांची ओळ तोवर बिदरपर्यंत, दहा अंशांच्या जवळपास पोहोचली होती. आता कार्यालय हैदराबादहून नागपूरला हलवायचे ठरले. सत्तरीच्या आसपास पोहोचलेले, छातीच्या विकाराने व खोकल्याने जर्जर झालेले लॅम्बटन स्वतः तांड्याबरोबर निघाले. नागपूर काही मजलांवर राहिले असताना, जानेवारी १८२३ मध्ये, हिंगणघाटच्या मुक्कामी त्यांचे निधन झाले. एव्हरेस्ट त्या वेळी मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या त्रिकोणांच्या कामात गुंतले होते. त्यांना ही बातमी उशिरा कळली. आज श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नागपूर, हिंगणघाट, हैदराबाद, बंगळुरू असा जातो. लॅम्बटन यांची रेषाही साधारण याच पट्ट्यातून गेली होती. कापूस व डाळ यांच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंगणघाटात शिरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिची कल्पना असते.

त्यांच्यानंतर एव्हरेस्ट यांनी सूत्रे हाती घेतली आणि वऱ्हाडात एलिचपूरजवळ टाकरखेडा येथे पुढची आधाररेषा मोजली, तीही साखळीनेच. पण वर्षानुवर्षांच्या वापराने साखळीची कडी झिजली होती, तिच्या मूळ लांबीची खात्री उरली नव्हती. इंग्लंडला जाऊन एव्हरेस्ट १८३० मध्ये परतले ते नवी साधने घेऊन. पितळ आणि लोखंड यांच्या पट्ट्या शेजारी-शेजारी जोडलेल्या, दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावत असल्याने टोकावरील दोन खुणांमधले अंतर कोणत्याही तापमानाला तेवढेच राखणारे असे ते गज होते. १८३१-३२ च्या हिवाळ्यात कलकत्त्याजवळ त्यांनी पहिली रेषा मोजली गेली. हवेवर मात्र असा कोणताही गज सापडला नाही. एव्हरेस्ट यांनी दिवसाची निशाणे सोडून रात्रीचे दिवे लावायला सुरुवात केली. रात्रीच्या गार, दाट हवेने दूरचे दिवे वर उचलून दाखवले आणि पावसाळ्यातील जंगलात माणसे धाडण्याची गरज कमी झाली. १८४१ मध्ये मसुरीजवळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंतच्या या रेषेचे काम पूर्ण झाले, तेव्हा म्हैसूरच्या पठारावर ताणलेल्या त्या पहिल्या साखळीला एक्केचाळीस वर्षे झाली होती.